वर्गातली ‘सावली’: गोधडी, चिंचोके आणि एका वहीतून उभी राहिलेली शांत जागा

पोषण आहाराची ताटं व्हरांड्यात उतरली की माझ्या दुसरीच्या वर्गातला एक मुलगा माझ्या टेबलाखाली जाऊन बसायचा. दोन्ही हात कानांवर, गुडघे छातीशी, ओठ घट्ट मिटलेले. पहिले काही महिने मी त्याला दंडाला धरून बाहेर काढायचे. तो चावायचा, मी रागवायचे, आणि उरलेला वर्ग हातातली पाटी तशीच धरून बघत राहायचा. एकदा खडू घरंगळत टेबलाखाली गेला म्हणून मी खाली वाकले. तिथे अंधार होता, तीन बाजूंनी लाकूड होतं आणि ताटांचा आवाज थोडा दबून येत होता. पोराने स्वतःला लागणारी जागा स्वतःच शोधली होती. आणि मी रोज त्याला तिच्यातून ओढून काढत होते.

त्यानंतर वर्गात जी जागा तयार केली तिला मुलांनी ‘सावली’ असं नाव दिलं. ज्यांना आपल्या वर्गात पहिल्यांदाच अशी जागा करायची आहे त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे. यातलं बहुतेक सामान घरात किंवा आठवडा बाजारात मिळतं. पैशांपेक्षा वेळ जास्त लागतो, आणि तो वेळ सुरुवातीलाच द्यावा लागतो.

आधी थोडं समजून घेऊ

पाच इंद्रियं आपण मुलांना पहिलीत शिकवतो. त्यांच्या जोडीला शरीर आणखी बऱ्याच खबरा आत पोचवत असतं: तोल, स्नायू-सांध्यांवरचा ताण, पोटातली भूक, लघवीची जाणीव. काही मुलांचा मेंदू या खबरा फार मोठ्या करून घेतो. ट्यूबलाइटची गुणगुण किंवा गणवेशाच्या कॉलरचं टोचणं आपल्या ध्यानातही येत नाही, पण त्या मुलाला दुसरं काही सुचेनासं होतं. काही मुलांचं याच्या उलट असतं. त्यांच्यापर्यंत खबर पुरेशी पोचत नाही, म्हणून ती सारखी हलतात, आपटतात, दुसऱ्याच्या अंगावर रेलतात, शर्टाची बाही चावतात. स्वमग्नता (ऑटिझम) किंवा अतिचंचलता असलेल्या मुलांत हे ठळक दिसतं, पण कोणतंही निदान नसलेली मुलंही यात असतात. अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी १९७२ साली या विषयावर पुस्तक लिहिलं. स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांत ही संवेदनांची बाजू २०१३ मध्ये, ‘डीएसएम-५’ या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत आली.

अंगावरचा घट्ट, एकसारखा दाब आणि संथ, एका लयीतली हालचाल बहुतेकांना शांत करते. हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. तान्ह्याला दुपट्यात घट्ट गुंडाळणं, पाळण्याला संथ झोका देणं, पाठीवर थोपटत राहणं, हे सगळं तेच आहे. वर्गात आपल्याला याचीच सोय करायची आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. ही जागा म्हणजे उपचार नव्हे. संवेदनांवर आधारित उपचारांबद्दल तज्ज्ञांचंही एकमत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये या उपचारांचे पुरावे मर्यादित असल्याचं म्हटलं होतं. आपण फक्त पोराला श्वास घ्यायला जागा देतो आहोत. पालकांनाही एवढंच सांगा. ‘यामुळे मूल बरं होईल’ असं कधीच म्हणू नका.

पहिले दोन आठवडे: फक्त बघायचं

काहीही विकत आणू नका. एक दोनशेपानी वही घ्या आणि तीन रकाने आखा: किती वाजले, त्याआधी काय झालं, मुलाने काय केलं. ‘त्रास दिला’, ‘ऐकत नाही’ असले शब्द वहीत येऊ देऊ नका. ‘१२.४०, ताटं आली, कानांवर हात, टेबलाखाली ९ मिनिटं’ असं लिहा.

माझ्या वहीत आठ दिवसांत चित्र उमटलं. त्या मुलाच्या सगळ्याच्या सगळ्या नोंदी साडेबारा ते सव्वाच्या मधल्या होत्या. शिवाय एका मुलीच्या नोंदी सापडल्या, जिच्याकडे माझं लक्षच नव्हतं. ती आरडाओरडा करत नव्हती. गुरुवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी लाउडस्पीकर सुरू झाला की ती वेणीचं टोक चावत नुसती बसून राहायची आणि वहीत एक अक्षर लिहायची नाही. गप्प मुलं आपल्या नजरेतून अशी निसटतात. त्यांच्यासाठी तरी ही वही ठेवाच.

हट्ट आणि असह्य होणं यांतला फरकही इथेच कळतो. हट्ट करणारं मूल मधूनच आपल्याकडे बघतं, हवं ते मिळालं की थांबतं. असह्य झालेल्या मुलाला समोर कोण आहे याचं भानच नसतं. हवं ते दिलं तरी ते लगेच थांबू शकत नाही.

जागा निवडणं

चार फूट बाय पाच फूट पुरते. दोन भिंती जिथे मिळतात तो कोन उत्तम, कारण पाठ आणि एक बाजू आपोआप झाकली जाते. दारापासून, फळ्यापासून, स्वयंपाकाच्या शेडपासून आणि मुतारीकडच्या खिडकीपासून लांब ठेवा. फोडणीचा वास आपल्याला भूक लावतो, पण एखाद्या मुलाला त्याने उमासे येतात. पत्र्याचं छप्पर असेल तर दुपारी कोणता कोपरा तापतो ते हात लावून बघा. पावसाळ्यात पत्र्याखाली बोललेलं ऐकू येत नाही, तेव्हा आहे त्यातली बरी जागा धरा.

आवाजाचा एक आकडा मनात असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिकवताना वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा. साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. आमच्या व्हरांड्यात ताटं उतरताना मोबाइलवर मी ८० च्या पुढचे आकडे पाहिले. मोबाइलचं मोजमाप काटेकोर नसतं, पण मुख्याध्यापकांना दाखवायला पुरलं.

आडोसा हवा, पण तो तीन फुटांहून उंच नको. खाली बसलेल्या मुलाला तो झाकेल आणि उभ्या शिक्षकाला मात्र मूल दिसेल, हा माप ठरवण्याचा सोपा नियम. पुस्तकांचं बुटकं कपाट आडवं लावलं तरी चालतं. मी दोन खिळ्यांना दोरी ताणून त्यावर जाड सुती पडदा टाकला होता, पण दोरी मुलांच्या मानेच्या उंचीवर येत होती. आठवड्यात काढली. दोरी, कडी, कुलूप, पूर्ण बंद होणारा पडदा, यातलं काहीही नको.

बोलक्या भिंती थोड्या गप्प करणं

आपल्या शाळांच्या भिंती बोलक्या असतात. बाराखडी, पाढे, फळं, वाहनं, गांधीजी, सूर्यमाला, सगळं तेलरंगात, छतापर्यंत. मला त्या आवडतात, पण शांत व्हायला आलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर त्या नकोत. रंग पुसायची गरज नाही. त्या कोनापुरती एक फिकट, साधी चादर वरच्या दोन टोकांना पक्की बांधा आणि खालची कडा भिंतीशी चिकटवा, म्हणजे पंख्याने फडफडणार नाही. त्या भागावरची ट्यूब शक्यतो बंद ठेवा. जुन्या चोकवाल्या ट्यूबचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा थरथरतो. बहुतेकांना ते जाणवत नाही, पण काहींचं डोकं त्याने दुखतं. खिडकीचा आडवा उजेड पुरतो.

सामान

परदेशात यासाठी खास खोल्या असतात, बुडबुड्यांचे नळकांडे आणि रंगीत दिवे लावलेल्या. ती पद्धत १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये सुरू झाली. त्या खोल्यांचे फोटो पाहून खचू नका. माझा सगळा खर्च हजार-अकराशे रुपयांत बसला, त्यातले निम्मे आवाज अडवणाऱ्या कानांच्या मफवर गेले.

*गोधडी.* जुन्या सुती लुगड्यांची, चार-पाच थरांची, हाताने टाके घातलेली. तिला आपलं असं वजन असतं, ती अंगावर चापून बसते, आणि टाक्यांच्या ओळींवरून बोट फिरवत बसणं कित्येक मुलांना आवडतं. माझ्याकडे दोन आहेत, एक खाली अंथरायला आणि एक पांघरायला. नायलॉनची मऊ ब्लँकेट कितीही छान दिसली तरी घेऊ नका. घाम येतो आणि ती अंगाला चिकटते.

*मांडीवरची पिशवी.* यात मी पहिल्यांदा चुकले. तांदूळ भरून पिशवी शिवली. पंधरा दिवसांत टोके झाले आणि सुटीत उंदरांनी कोपरा कुरतडला. सोमवारी मुलं तांदूळ वेचत बसली होती. आता चिंचोके भरते. दोन दिवस कडक उन्हात वाळवायचे, जुन्या जीन्सच्या पायाची नळी कापून दुहेरी शिवण घालायची आणि आत तीन कप्पे करायचे, म्हणजे सगळं वजन एका टोकाला जमत नाही. वजन किती? मुलाच्या वजनाच्या ५ ते १० टक्के, असा अंदाज सर्रास वापरला जातो. २० किलोच्या मुलाला म्हणजे १ ते २ किलो. मी दीड किलोच्या वर जात नाही. पिशवी मांडीवर किंवा खांद्यांवर ठेवायची. तोंडावर, छातीवर, झोपलेल्या मुलावर कधीच नाही. मुलाला ती एका हाताने बाजूला सारता आलीच पाहिजे.

*चमकीची बाटली.* अर्ध्या लिटरची जाड प्लास्टिकची बाटली घ्या. तीन हिस्से कोमट पाणी, एक हिस्सा औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन, चिमूटभर चमकी. हलवली की चमकी वर उसळते आणि हळूहळू खाली बसते. ग्लिसरीन वाढवलं की बसायला जास्त वेळ लागतो. दीड-दोन मिनिटं लागतील असं जमवा आणि झाकण एम-सीलने पक्कं बंद करा. काचेची बाटली नको. ‘चमकी बसेपर्यंत’ हे माप मुलांना घड्याळापेक्षा चांगलं कळतं.

*भिरभिरं.* ‘दीर्घ श्वास घे’ असं रडणाऱ्या मुलाला सांगून काही होत नाही. भिरभिरं हातात दिलं की ते आपोआप फुंकर घालतं. ‘इतकं हळू फिरव की रंग मोजता आले पाहिजेत’ एवढंच म्हणा.

*कानांचे मफ.* फॅब्रिकेशनच्या दुकानात कामगार घालतात ते. गाण्याचे हेडफोन नकोत. मफ गरजेपुरतेच, दिवसभर नाहीत. कान सतत झाकलेले राहिले की साधा आवाजही पुढे जड जातो. नाहीच मिळाले तर कानटोपी आणि वरून मफलर बांधा.

*हाताळायची पेटी.* घोंगडीचा तुकडा, मखमलीचा तुकडा, काथ्या, नदीतला मुठीएवढा गुळगुळीत गोटा, कणकेसारखा मळायला ओल्या मातीचा गोळा. तोंडात जाईल एवढं लहान काही नको. एखाद्या मुलाला काथ्याचा स्पर्शही सहन होत नाही. त्याला आग्रह करू नका.

आणि एक गोष्ट फुकटची: भिंत. चादरीच्या बाजूला दोन पंजे रंगवून ठेवा. त्यांवर हात टेकून दहा वेळा भिंत ढकलायची. स्नायूंना मिळणारा तो ताण अंगातली तडफड उतरवतो. पाण्याची बादली भरून आणणं, वह्यांचा गठ्ठा शेजारच्या वर्गात पोचवणं, हेही त्यातलंच. सारखं हलणाऱ्या मुलाला मी दर तासाला असं एक जड काम देते. त्याला ‘सावली’ची गरजच कमी पडते.

लुकलुकणारे दिवे, उदबत्ती, अत्तर, मोबाइल आणि खाऊ त्या जागेत नकोत. फेफरं येणाऱ्या मुलाला लुकलुकता दिवा घातक ठरू शकतो. खाऊ ठेवला तर सगळा वर्ग तिथेच राहायला येईल.

स्वच्छतेचं एक वाक्य आहे, पण ते टाळू नका: उवा आणि खरूज गोधडीतूनही पसरू शकतात, म्हणून दर शनिवारी ती उन्हात घाला, खोळ धुवा, आणि वर्गात खरूज दिसली तर पांघरायची गोधडी काही दिवस उचलून ठेवा.

नाव, आणि कोपऱ्याचं जुनं भूत

आपल्या शाळांत ‘कोपऱ्यात जा’ याचा अर्थ पिढ्यानपिढ्या एकच आहे. मी स्वतः चौथीत कोपऱ्यात अंगठे धरून उभी राहिले आहे; फरशीवरची भेग अजून डोळ्यांसमोर येते. म्हणून या जागेला कोपरा म्हणू नका. नाव मुलांना ठेवू द्या. आमच्याकडे ‘घरटं’, ‘गुहा’ आणि ‘सावली’ यांत मतदान झालं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कितीही वैतागलात तरी ‘जा त्या सावलीत बस’ असं शिक्षा म्हणून एकदाही तोंडातून निघू देऊ नका. एकदा निघालं की महिन्याभराची मेहनत जाते. मुलाला मानसिक त्रास देणारी शिक्षा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने तशीही बंद केलेली आहे. ‘गणित पूर्ण केलंस तर सावलीत जाऊ देईन’ असं बक्षीसही नको. तहान लागली की पाणी प्यावं, तसं तिथे जावं.

आमचे नियम चित्रांत आहेत, कारण ज्याला त्या क्षणी वाचता येत नाही त्यालाही ते कळले पाहिजेत. एका वेळी एकजण. आत बोलायचं नाही. सामान जागेवर ठेवायचं. चमकी तीनदा बसली की परत यायचं, आणि अजून बरं वाटत नसेल तर बाईंना चौथं बोट दाखवायचं.

सगळ्या वर्गाला शिकवणं

ही जागा पहिल्यांदा वापरायची ती शांत असताना. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला पाच-पाच मिनिटं आत बसू द्या. पस्तीस मुलं असतील तर रोज सात, पाच दिवसांत होतात. सगळ्यांनी अनुभवलं की तिचं अप्रूप ओसरतं, आणि ‘तो वेडा आहे म्हणून तिथे बसतो’ हे वाक्य वर्गात जन्मालाच येत नाही. पहिल्या पंधरवड्यात गर्दी होईल, काहीजण गृहपाठ टाळायला जातील. होऊ द्या. तिसऱ्या आठवड्यात ती आपोआप कमी होते.

जायचं कसं, याची खूण ठरवा. तोंडाने विचारावं लागलं तर ज्याला सर्वांत जास्त गरज आहे तोच अडकतो. आमच्याकडे खिडकीत पाच लाकडी चकत्या ठेवल्या आहेत. चकती माझ्या टेबलावर ठेवायची आणि जायचं. मी मान हलवते, शिकवणं थांबवत नाही.

मूल आधीच कोसळलं असेल तर

तुम्ही खाली बसा, त्याच्या बाजूला, हातभर अंतर ठेवून. डोळ्यांत डोळे घालू नका. ‘काय झालं? कोणी मारलं? बोल ना’ हे प्रश्न त्या वेळी आवाजातच भर घालतात. दोन शब्द पुरतात: ‘मी इथे आहे.’ पाठीवर हात ठेवायचा की नाही, ते त्या मुलाला शांत असताना आधीच विचारून ठेवा. माझ्या त्या मुलाला स्पर्श अजिबात नको असतो. गोधडी मात्र हवी असते, ती मी शेजारी ठेवते, तो ओढून घेतो. उचलून, ओढून ‘सावली’त नेऊ नका. ते जिथे बसलं आहे तिथेच इतर मुलांना लांब करा आणि मफ किंवा गोधडी तिकडे न्या. डोकं आपटत असेल तर मध्ये उशी सरकवा.

शांत झाल्यावर लगेच समजावणी नको. पाणी द्या, सोपं काम द्या. बोलायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी बोला.

पालक आणि शाळा

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आधी सांगून ठेवा. माझ्याकडे एका आईने डोळ्यांत पाणी आणून विचारलं होतं, “बाई, माझ्या पोराला वेगळं का बसवता?” मी तिला आत बसवलं, पिशवी मांडीवर दिली. दोन मिनिटांनी ती म्हणाली, “घरी तो गव्हाच्या पोत्यांच्या मध्ये जाऊन बसतो, ते ह्याच्याचसाठी होय!” त्या एका वाक्यातून मला त्याच्या घरची सोयही कळली. पालकांना फोटो दाखवण्यापेक्षा आत बसवा.

वरिष्ठांनी अडवलं तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगा. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे, स्वमग्नता त्यात आहे, आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करणं हे शाळेचं कर्तव्य आहे. समग्र शिक्षाच्या समावेशित शिक्षण विभागातल्या विशेष शिक्षकांना बोलावून जागा दाखवा.

पुढचं आपल्या आवाक्यातलं नसतं, हे ओळखणंही शिकावं लागतं. मूल स्वतःला इजा करत असेल, रोज अनेकदा कोसळत असेल, बोलणं मागे पडलं असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा नोंद करा आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी, म्हणजे मुलांची पुढची तपासणी जिथे होते तिथली, चिठ्ठी घ्या. जे मूल कालपर्यंत ठीक होतं आणि अचानक सारखं ‘सावली’त जायला लागलं, त्याच्या बाबतीत संवेदनांचा विचार नंतर करा. आधी कान दुखतोय का, सकाळी जेवलंय का, घरी काही घडलंय का, कोणी हात लावतंय का, हे हळुवारपणे शोधा.

वही चालूच ठेवायची

जागा तयार झाली म्हणून वही मिटू नका. आता चौथा रकाना वाढवा: काय वापरलं आणि परत यायला किती वेळ लागला. कोणी न वापरलेलं सामान काढून टाका. आमच्या पेटीतली मखमल वर्षभर कोणी हातात घेतली नाही.

त्या मुलाच्या नोंदी वाचूनच मला ताटांचं उत्तर सापडलं. स्वयंपाकाच्या ताईंना मी वही दाखवली. त्यांनी ताटं व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, तरटावर उतरवायला सुरुवात केली, आणि त्याला मी बारा-पस्तीसला पाण्याची बादली आणायला पाठवू लागले. त्याच्या नोंदी आठवड्याला पाचावरून एकावर आल्या. वर्गातली अशी दहा कारणं तरी तुमच्या वहीत निघतील: घासत सरकणारं बाक, करकरणारा पंखा, दाराची कडी. त्यातली निम्मी तेलाच्या दोन थेंबांनी मिटतात.

एप्रिलमध्ये गोधड्या धुऊन, कडुलिंबाचा पाला घालून पेटीत ठेवते. वही तिसरीच्या बाईंकडे जाते. पहिल्या पानावर त्याच्या नावापुढे मी लिहिलं आहे: ‘पाठीला हात लावू नका. गोधडी शेजारी ठेवा, तो घेतो.’